पुढच्या वर्षी किती वाचायचं हे ठरवण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. जानेवारीत तुम्ही वर्षाला 52 पुस्तकांचा संकल्प केलात, म्हणजे आठवड्याला एक. वर्ष सरत आलं आणि हिशोब 19 वर थांबला. त्यातही बरीचशी पुस्तकं बारीक होती. मग दापोलीत एका मित्राने विचारलं, “यंदा काय चांगलं वाचलंस?” आणि तुम्हाला चटकन एकही नाव सांगता आलं नाही. आता पुढच्या वर्षी 30 चा आकडा धरावा का, भरपूर वाचणारी माणसं कशी ठरवतात आणि मला स्वतःला अलीकडे काय आवडलं, असं तुम्ही विचारलं आहे.

सिंधुदुर्गात किनाऱ्यावरच्या एका लहान सार्वजनिक वाचनालयात मी बरीच वर्षं ग्रंथपाल आहे. कोण काय घरी नेतो, काय दोन दिवसांत परत आणतो, कशाची मुदत पुन्हापुन्हा वाढवून घेतो, हे देवघेवीच्या टेबलावर बसून दिसत राहतं. त्या अनुभवावरून लिहिते आहे.

19 पुस्तकं झाली ही काळजीची गोष्ट नाही. मित्राने विचारल्यावर नाव आठवलं नाही, खरी अडचण ती आहे. 52 चे 30 केले म्हणून ती सुटणार नाही, कारण आकडा ठरला की पुस्तकं आकडाच निवडू लागतो. आठवड्याला एक संपवायचं असेल तर कपाटासमोर उभं राहिल्यावर हात दीडशे पानांच्या पुस्तकाकडे जातो, दोन खंडांची कादंबरी जागेवरच राहते. अर्धं वाचून झालेलं, मनाला न लागलेलं पुस्तक सोडवत नाही, कारण सोडलं तर ते मोजता येत नाही. कवितासंग्रह तर एका संध्याकाळी ‘पूर्ण’ होतो. आरती प्रभूंचा ‘नक्षत्रांचे देणे’ (1975) एका बैठकीत संपवून यादीत टाकणारे वाचक मी पाहिले आहेत, आणि तोच संग्रह पावसाळाभर उशाशी ठेवून रोज एखादी कविता वाचणारेही. यादीत दोघांचं एकच पुस्तक भरतं. मिळालेल्या गोष्टीत मात्र फार अंतर असतं.

तरी आकडा सगळ्यांनाच वाईट, असं मी म्हणणार नाही. ते माणसावर अवलंबून आहे. शिक्षण संपल्यापासून पुस्तक हातातच घेतलं नाही अशा माणसाला ‘वर्षात बारा’ हा आकडा चांगला आधार देतो. महिन्याला एक म्हटलं की वाचनालयात फेरी होते आणि सवय लागते. शाळकरी मुलांनाही मोजायला आवडतं, त्यांना मोजू द्यावं. घरात लहान मूल असेल, आजारी माणूस असेल, डोळ्यांचा त्रास असेल, तर वर्षाला चार पुस्तकं वाचणं हीसुद्धा मोठी गोष्ट आहे. तुमची स्थिती वेगळी आहे. नोकरी सांभाळून तुम्ही 19 वाचलीत, म्हणजे सवय आहेच. तुम्हाला आता दिशा हवी आहे. ती मिळवण्यासाठी आधी सरलेल्या वर्षाकडे नीट बघावं लागेल.

हे बघणं मी वाचकांकडून कसं करून घेते ते सांगते. वर्षाच्या शेवटी काही सभासद त्यांच्या नावावर काय काय गेलं याची यादी मागायला येतात. मी ती लगेच देत नाही. आधी कोरा कागद देते आणि सांगते, काहीही न बघता आठवतील ती पुस्तकं लिहा. नावं नीट आठवत नसली तरी चालेल, ‘ती खाडीवरची कादंबरी’ एवढं लिहिलं तरी पुरे. मग प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहायच्या. हे पुस्तक आपण होऊन कुणाला सांगितलं का? वाचता वाचता कुठे थांबून बाहेर बघत बसलो का? आणि ते संपल्यावर आणखी काही शोधावंसं वाटलं का? हे झालं की मग मी खरी यादी समोर ठेवते.

दोन कागद शेजारी ठेवले की पुष्कळ कळतं. एक निवृत्त परिचारिका आमच्याकडे नेमाने येतात. यादीत बहुतेक कादंबऱ्या होत्या, त्यातही रहस्यकथा जास्त. आठवून लिहिलेल्या कागदावर मात्र जवळजवळ सगळी बायकांची आत्मचरित्रं. आपल्याला ती आवडतात हे त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं. त्या रहस्यकथा मागत असत कारण पूर्वीपासून तेच मागायची सवय होती. त्या दिवशी मी त्यांना लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ दिली. पुस्तक परत करताना त्या म्हणाल्या, “ह्यां पुस्तक माका इतकी वर्सां गावलां कसां नाय?” पुढच्या वर्षासाठी त्यांना वेगळा संकल्प करावाच लागला नाही. एका आत्मचरित्रातून दुसऱ्याकडे अशी त्यांची वाट आपोआप तयार झाली.

तुम्हीही हे करून बघा. 19 पैकी चार आठवली तरी पुरेत. त्या चारांत काय सारखं आहे ते शोधा. विषय सारखा असेल, लिहिण्याची तऱ्हा सारखी असेल, किंवा चारही पुस्तकं तुम्ही एखाद्या विशिष्ट वेळी, म्हणजे रात्री सगळे झोपल्यावर वगैरे, वाचलेली असतील. पुढच्या वर्षाचं उद्दिष्ट त्यातूनच निघतं.

आता मला काय आवडलं ते, कारण उद्दिष्ट कसं तयार होतं हे त्यातूनच नीट सांगता येईल.

मागच्या पावसाळ्यात मी ‘तुंबाडचे खोत’ पुन्हा वाचली. लेखक श्री. ना. पेंडसे तुमच्या दापोलीजवळच्या मुर्डीचे. 1987 साली आलेली ही दोन खंडांची कादंबरी खेडच्या बाजूला, जगबुडी नदीकाठच्या तुंबाडात घडते. एका खोत घराण्याच्या चार पिढ्यांची ती कहाणी आहे. अशी कादंबरी आठवड्याच्या हिशोबात बसत नाही. सुरुवातीची बरीच पानं माणसांची नाती लक्षात ठेवण्यातच जातात. मी घराण्याची वंशावळ एका कागदावर काढून पुस्तकात ठेवली होती आणि तीच कादंबरी मागणाऱ्या प्रत्येकाला आता तेवढंच सांगते. पन्नास-साठ पानांनंतर माणसं ओळखीची होतात, मग कागद लागत नाही. पाऊस लागून राहिला आहे, दुपारीच वीज गेली आहे, कुठे जायचं नाही, अशा दिवसांत ही कादंबरी जितकी आत शिरते तितकी उन्हाळ्यात शिरत नाही, असा माझा अनुभव आहे.

पण ती वाचून एक प्रश्न उरला. खोताचं वैभव आणि खोताची पडझड मी खोताच्या ओटीवरून पाहिली होती. कुळाच्या अंगणातून तेच कोकण कसं दिसत असेल? खोत सरकारसाठी सारा वसूल करायचा आणि जमीन कसणाऱ्या कुळाकडून धान्याचा मोठा वाटा घ्यायचा. ही पद्धत मोडावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 साली मुंबईच्या विधिमंडळात विधेयक मांडलं. त्याआधीच, 1933 मध्ये, अलिबाग तालुक्यातल्या चरी गावाच्या परिसरात नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी जमिनी कसायला नकार दिला होता. तो संप 1939 पर्यंत चालला. सहा वर्षं शेतं पडीक ठेवून माणसं कशी जगली असतील, हे आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, तो गप्प होईल. खोती कायद्याने गेली ती 1949 च्या खोती निर्मूलन अधिनियमाने.

हे सगळं मला एका कादंबरीमुळे वाचावंसं वाटलं. मग आंबेडकरांची विधिमंडळातली भाषणं काढली, कोकणातल्या शेतकरी चळवळीवर वाचनालयात जे होतं ते काढलं, जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, पाहिलं. गॅझेटियर हा सलग वाचायचा ग्रंथ नाही. त्यातलं जमीनधाऱ्याचं, म्हणजे जमीन कुणाकडे कशी असायची आणि तिचा सारा कसा ठरायचा याचं, प्रकरण तेवढं वाचलं. आकड्याच्या हिशोबात ही सगळी खटपट दीड-दोन पुस्तकांची भरेल. माझ्या लेखी मात्र गेल्या काही वर्षांतलं सगळ्यांत समाधानाचं वाचन हेच आहे, कारण गावातल्या जुन्या घरांकडे, बांधांकडे आणि आडनावांकडे मी आता वेगळ्या नजरेने बघते. पुढच्या वर्षीचं माझं पहिलं उद्दिष्ट त्यातूनच आलं आहे: कुळांच्या बाजूने लिहिलेलं, आठवणी, आत्मचरित्रं, लोकगीतांचे संग्रह, जे मिळेल ते शोधायचं. किती पुस्तकं होतील ते मी ठरवलेलं नाही.

दुसरं पुस्तक दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ (1956). चैत्रापासून फाल्गुनापर्यंत, महिन्यामहिन्याने निसर्ग बघत ते लिहिलेलं आहे. मी ते वर्षभर वाचलं, ज्या महिन्याचा लेख त्याच महिन्यात. वैशाखातला वैशाखात, रातांबे (कोकमाची फळं) पिकून खाली पडत असताना. भाद्रपदातला गणपतीच्या आधी, गणपतीच्या वर टांगायच्या माटवीला बांधायला कवंडळं आणि हरणाची ही रानातली फळं-फुलं आणायला माणसं डोंगरात जात असताना. दुर्गाबाईंनी पाहिलेली झाडं आणि माझ्या परसातली झाडं नेहमी जुळतात असं नाही, आणि गंमत तिथेच येते. लेख वाचून बाहेर पडलं की आपण आपलं झाड शोधू लागतो. फाल्गुनात पांगारा आणि काटेसावर फुललेली मी दर वर्षी बघत आले आहे, पण कुठल्या झाडावर कुठला पक्षी येतो हे उभं राहून बघितलं ते या वाचनाच्या वर्षी. असं पुस्तक एका रविवारी संपवलं तर त्याचा निम्मा आनंद जातो. तुम्ही दापोलीत आहात, कृषी विद्यापीठाचा परिसर जवळ आहे, तुम्हाला तर हे फार सहज जमेल.

‘स्मृतिचित्रे’चं वर सांगितलंच. ती मी मधूनमधून पुन्हा वाचते. पहिला भाग 1934 साली आला आणि 1936 साली लक्ष्मीबाई गेल्या. नवऱ्याने धर्म बदलल्यावर एका बाईच्या वाट्याला काय आलं हे त्यांनी इतकं सरळ, कुठलाही आव न आणता सांगितलं आहे की प्रत्येक वयात त्यातलं वेगळं काही लागतं. तरुणपणी मला त्यातले विनोदी प्रसंग आठवायचे. आता त्यांची एकटेपणाची वर्षं जास्त आठवतात. पुनर्वाचनाला उद्दिष्टात जागा द्याच, असं मी आग्रहाने सांगेन. आकड्याच्या मागे लागलेला वाचक एकदा वाचलेलं पुस्तक सहसा पुन्हा घेत नाही, आणि आपण बदललो आहोत हे कळण्याचा एक चांगला मार्ग बंद होतो.

अगदी अलीकडच्यांपैकी प्रवीण बांदेकरांची ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’ ही कादंबरी. तिला 2022 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लेखक आमच्या सिंधुदुर्गातले, म्हणून आमच्याकडे तिला मागणी होतीच. ती सोपी नाही. काही सभासदांनी मध्येच परत केली, काहींनी लगेच दुसऱ्यांदा नेली. ती वाचल्यावर कुडाळजवळच्या पिंगुळीला जाऊन ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची कला, बघून यावं असं मला वाटलं. ही कला टिकवणाऱ्या पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा जिल्ह्याबाहेरच्या अनेकांना ती प्रथम कळली. पुस्तकाने आपल्याला घराबाहेर काढलं तर तेही त्याच वाचनाचा भाग समजावा.

आतापर्यंतचं एवढंच: आधी आठवणीवरून मागचं वर्ष लिहा, त्यातला धागा ओळखा, आणि आकड्याऐवजी त्या धाग्याला उद्दिष्ट करा. आता ते वर्षात कसं बसवायचं.

आपल्याकडे वर्ष सगळीकडे सारखं नसतं. मे महिन्यात घरी आंबा-काजूची कामं असतात, चाकरमानी आलेले असतात, लग्नं असतात. गणपतीचे दिवस तर सगळ्यांचेच भरलेले. शिमग्याचंही तेच. या काळात वाचन होणार नाही हे आधीच धरून चाला, म्हणजे मन खात नाही. त्याउलट लावणी आटोपल्यापासून श्रावण संपेपर्यंतचा काळ जाड पुस्तकांचा. शेती असेल तर लावणी आटोपू द्या, नोकरीच असेल तर जूनपासूनच. दिवाळीनंतर दिवाळी अंक. मराठीत ही परंपरा का. र. मित्रांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा अंक काढला तेव्हापासूनची, आणि आमच्यासारख्या वाचनालयांत अंकांची देवघेव उन्हाळ्यापर्यंत चालते. एखाद्या अंकातली एक दीर्घकथा किंवा एक चांगला लेख हे पुरेसं वाचन आहे. वाचनाच्या याद्या ठेवणारे लोक अंक मोजत नाहीत आणि त्यामुळे वाचतही नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. नवे लेखक मला बहुतेक वेळा अंकांतच भेटले.

नोंदीबद्दल थोडं. नाव न आठवण्यावर सगळ्यांत साधा उपाय नोंद हाच आहे, पण ती लहान ठेवा. परीक्षण लिहायला बसलात तर दोन महिन्यांत कंटाळाल. मी चार गोष्टी लिहिते: कधी आणि कुठे वाचलं, एक प्रसंग किंवा एक वाक्य पानाच्या आकड्यासह, मनात आलेला एक प्रश्न, आणि हे पुस्तक कुणाला सांगावं असं वाटलं त्याचं नाव. चौथी गोष्ट सर्वांत उपयोगी पडते. एखाद्याचं नाव लिहिलं की आपण त्याला पुस्तक सांगतो, आणि सांगितलेलं पुस्तक विसरत नाही. वाचनालयाच्या पुस्तकात रेघा मारू नका, कागदाची चिठ्ठी घाला. झाडाचं पान, फूल घालू नका, आपल्या हवेत त्याचा डाग पडतो आणि बुरशी धरते. स्वतःची पुस्तकं असतील तर पावसाळ्यात कपाट भिंतीपासून थोडं पुढे ओढा, पुस्तकं दाटून कोंबू नका, आणि पाऊस उघडला की कोरड्या फडक्याने पुसून सावलीत वाऱ्याला ठेवा. कडक उन्हात ठेवली तर पुठ्ठे वाकतात.

पुस्तक मध्येच सोडण्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण 52 च्या संकल्पात ही अडचण आलीच असणार. एस. आर. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यांतलं एक ‘वाचकाचा वेळ वाचवा’ असं आहे. ते ग्रंथपालांसाठी आहे, तरी वाचकानेही आपल्याला लावून घ्यायला हरकत नाही. किती पानांनी सोडावं याचा एकच नियम सांगता येत नाही. ‘तुंबाडचे खोत’ पन्नास पानांवर सोडली असती तर माझं मोठं नुकसान झालं असतं. बारीक पुस्तक तेवढ्यात पकड घेत नसेल तर मी सोडते. सोडताना का सोडलं ते एका ओळीत लिहून ठेवते. भाषा जड गेली, विषयात रस नाही, की सध्या मन ठिकाणावर नाही? तिसरं कारण असेल तर पुस्तक वाईट नाही. ते वर्षभराने पुन्हा घ्यावं.

आता तुमच्यासाठी सरळ उत्तर. 30 चा आकडा धरू नका. त्याऐवजी एवढं ठरवा: पावसाळ्यात एक मोठं पुस्तक. आठवलेल्या चार पुस्तकांतून निघालेल्या एका धाग्यावर चार-पाच पुस्तकं, वर्षभरात केव्हाही. पूर्वी आवडलेलं एक पुन्हा. एक कवितासंग्रह किंवा ‘ऋतुचक्र’सारखं काही, हळूहळू वाचायला. दिवाळी अंकांतले आवडतील ते लेख. बाकी सगळं मोकळं, कुणी सांगितलं, समोर दिसलं, घेतलं. एकूण आठ-दहा होतील, कदाचित वीस. मोजायचेच असतील तर डिसेंबरात मोजा.

आठवलेल्या चार पुस्तकांची नावं इथे लिहिलीत तर पुढचं काय घ्यावं हे मी नेमकं सांगू शकेन. तोवर गावच्या वाचनालयात एक फेरी मारा. हवं ते पुस्तक नसेल तर मागणीच्या वहीत लिहा. खरेदीच्या वेळी ती वही आम्ही खरोखर बघतो, आणि दोन-तीन सभासदांनी एकच नाव लिहिलं असेल तर ते पुस्तक बहुधा येतंच. जुनं, बाजारात न मिळणारं काही हवं असेल तर रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 पासूनचं आहे, तिथे विचारा. आणि ‘तुंबाडचे खोत’ घ्यायची ठरवलीत तर दुसरा खंड कपाटात आहे याची खात्री करून मगच पहिला घरी न्या. आमच्याकडे तो नेहमी कुणाकडे तरी गेलेला असतो.